उपग्रहातून मुंबईची खाडी बघताना आधी तिथी बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुमच्या मेव्हण्यांनी ठाणे खाडीच्या दोन सॅटेलाइट इमेज शेजारी शेजारी ठेवून दाखवल्या, मध्ये सहा-सात वर्षांचं अंतर, आणि ऐरोलीच्या खाली खाडी तीनशे मीटरने अरुंद झाली असं सांगितलं, ते खरं मानायचं का. शिवाय अंतराळ स्थानकातून काढलेल्या फोटोत मुंबईच्या पूर्वेचं पाणी चहासारखं आणि पश्चिमेचं हिरवट का दिसतं, आणि हे सगळं घरबसल्या स्वतः बघता येतं का. मी बावीस-तेवीस वर्षं किनाऱ्याच्या रिमोट सेन्सिंगचं, म्हणजे उपग्रहाच्या इमेजवरून अभ्यास करायचं काम करतोय, त्यातला बराच काळ याच खाडीवर गेलाय, म्हणून जरा सविस्तरच लिहितो.

आधी सरळ उत्तर. खाडी बदलतेय यात वाद नाही, गाळ साठतोय आणि कांदळवन पुढे सरकतंय. पण तीनशे मीटर हा आकडा मी तरी आत्ता मान्य करणार नाही, कारण त्या दोन्ही इमेजच्या तारखांना तिथी कोणती होती हे कुणी बघितलेलं दिसत नाही. मुंबईच्या बाबतीत तिथी न बघता दोन इमेज शेजारी ठेवणं म्हणजे एकाचा फोटो उभ्याने आणि दुसऱ्याचा बसून काढायचा आणि मग उंची मोजायची.

का ते सांगतो. आपण जे उपग्रह वापरतो, म्हणजे युरोपचा सेंटिनेल-२, अमेरिकेचा लँडसॅट, आपला रिसोर्ससॅट, हे सगळे सूर्याशी वेळ जुळवून फिरतात. म्हणजे कुठल्याही जागेवरून ते जातात ते दरवेळी घड्याळाच्या साधारण त्याच वेळेला, जेणेकरून सावल्या आणि उजेड सारखा राहावा. सेंटिनेल-२ ची स्थानिक सौर वेळ साडेदहाची आहे, मुंबईचा सूर्य आपल्या घड्याळापेक्षा चाळीसेक मिनिटं मागे असतो, त्यामुळे आपल्या घड्याळात तो मुंबईवरून सव्वाअकराच्या आसपास जातो. लँडसॅट अकराच्या सुमारास. वर्षानुवर्षं, उन्हाळा असो की हिवाळा, हीच वेळ.

आता दुसरी बाजू कोळी बांधवांना विचारा. भरतीची वेळ काढायचा त्यांचा जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट करायची. तिथीला तीनाने गुणा, चाराने भागा, जे येईल तितक्या वाजता पाणी भरतं. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, आणि पौर्णिमा किंवा अमावस्या म्हणजे पंधरा, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा! मुंबई बंदरात प्रत्यक्ष भरती याहून अर्धा-पाऊण तास उशिरा येते, म्हणजे पुनवेला आणि अवसेला दुपारी बाराच्या आसपास, पण हिशोब पक्का आहे, मी भरती-ओहोटीच्या छापील तक्त्यांशी अनेकदा ताडून बघितलाय.

हे दोन्ही एकत्र ठेवा म्हणजे गंमत कळेल. उपग्रह येतो सव्वाअकराला, पुनवेला आणि अवसेला भरती बाराला. म्हणजे उधाणाच्या, पुनवे-अवसेच्या मोठ्या भरतीच्या दिवसांतली कुठलीही इमेज घ्या, खाडी जवळपास तुडुंब भरलेलीच दिसणार. षष्ठी ते अष्टमीच्या सुमारास मात्र भरती पहाटे पाच-सहाला होऊन गेलेली असते आणि सव्वाअकराला पाणी ओहोटीच्या तळाशी किंवा तळाजवळ असतं. म्हणजे त्या दिवसांच्या इमेजमध्ये चिखल उघडा पडलेला दिसणार. पुन्हा ती भांगाची, म्हणजे अष्टमीच्या आसपास पाणी कमी चढतं-उतरतं तेव्हाची ओहोटी, मोठी नव्हे. उधाणाची जी खरी मोठी ओहोटी असते, जेव्हा शिवडीचा चिखल पार लांबपर्यंत उघडा पडतो, ती सकाळ-संध्याकाळ सहा-सातच्या आसपास येते. त्या वेळी हे उपग्रह मुंबईवर नसतातच. १९७२ मध्ये पहिला लँडसॅट गेला तेव्हापासून या सगळ्या सकाळच्या उपग्रहांनी आपल्या खाडीची उधाणाची पूर्ण ओहोटी एकदाही बघितलेली नाही, आणि या कक्षेत असेपर्यंत बघणारही नाहीत. मला हे पहिल्यांदा नीट उमगलं तेव्हा दोन दिवस दुसरं काही सुचत नव्हतं.

ते उमगलं कसं तेही सांगतो, कारण ते श्रेय माझं नाही. २००३ च्या आसपासची गोष्ट, मी कामाला नवीन होतो आणि आपल्याच आयआरएस उपग्रहाच्या लिस-३ कॅमेऱ्याच्या दोन इमेज वापरून किनाऱ्यातल्या बदलाचा नकाशा बनवला होता. तेवीस मीटरचा पिक्सेल, म्हणजे इमेजचा एक ठिपका जमिनीवर तेवीस मीटरचा. नकाशावर लाल पट्टा, म्हणजे इथे इथे किनारा समुद्राने खाल्ला. खाडीकाठच्या एका कोळीवाड्यात तो दाखवायला गेलो, लोकांनी शांतपणे बघितला, आणि एक म्हातारे आजोबा म्हणाले, पोरा, पहिला फोटो कुठल्या तिथीचा नि दुसरा कुठल्या? माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी येऊन पंचांग काढलं. पहिली इमेज अष्टमीची, दुसरी अमावस्येच्या दुसऱ्या दिवसाची. तो लाल पट्टा म्हणजे धूप नव्हतीच, दोन्ही वेळच्या पाण्यातला फरक होता. दुसऱ्या दिवशी वरिष्ठांना सांगून मी तो नकाशा मागे घेतला, आणि तेव्हापासून कुठलीही इमेज उघडायच्या आधी तिथी लिहून ठेवतो. आजोबा आता नाहीत, पण मी जिथे शिकवायला जातो तिथे त्यांचा प्रश्न पहिल्या तासाला विचारतो.

आता तुमच्या तीनशे मीटरचा हिशोब करू. मुंबई बंदरात उधाणाच्या भरतीची सरासरी पातळी साधारण ४.४ मीटर आणि भांगाच्या ओहोटीची साधारण १.९ मीटर. फरक अडीच मीटर. खाडीकाठचा चिखल एकदम सपाट असतो, समजा सव्वाशे मीटर चालल्यावर एक मीटर उतरतो. अडीच गुणिले सव्वाशे, तीनशे बारा मीटर. म्हणजे जुनी इमेज पुनवेची आणि नवीन इमेज सप्तमी-अष्टमीची असेल तर एक कणही गाळ न साठता खाडी तीनशे मीटरने अरुंद दिसू शकते. उतार प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो, तेव्हा हा आकडा तुमच्या जागेचा म्हणून घेऊ नका, पण फरक केवढा पडू शकतो याचा अंदाज येईल. उलटंही होतं हं, जुनी इमेज भांगाची आणि नवी उधाणाची असेल तर खरोखर साठलेला गाळ पाण्याखाली लपतो आणि सगळं ठीक आहे असं वाटतं, ते तर जास्त वाईट.

अजून एक बारीक गोष्ट आहे जी या कामातल्या लोकांच्याही कधी कधी लक्षात येत नाही. सेंटिनेल-२ चे दोन उपग्रह मिळून दर पाच दिवसांनी त्याच जागेवर येतात. आणि अमावस्येपासून पौर्णिमेपर्यंतचा पक्ष असतो पावणेपंधरा दिवसांचा. म्हणजे पाच-पाच दिवसांच्या तीन फेऱ्या झाल्या की उपग्रह जवळजवळ परत त्याच तिथीवर येतो, फक्त सहा तासांच्या आसपास पुढे सरकलेला. त्यामुळे एखाद्या महिन्याच्या इमेज ओळीने लावल्या तर पाण्याच्या तीनच पातळ्या आलटून पालटून दिसतात, उदाहरणार्थ तृतीया, अष्टमी, त्रयोदशी, पुन्हा तृतीया, अष्टमी, त्रयोदशी. हे चक्र हळूहळू सरकत जातं, दोन महिन्यांत एखाद्या दिवसाने. म्हणजे एखाद्या हिवाळ्यात तुम्हाला ऐन पुनवेची इमेज मिळणारच नाही असंही होऊ शकतं, आणि पुढच्या हिवाळ्यात मिळाली की लोक म्हणतात बघा पाणी वाढलं. लँडसॅटचा एकेक उपग्रह सोळा दिवसांनी येतो, तो पंधरवड्यापेक्षा सव्वा दिवसाने जास्त, म्हणून त्याची तिथी दर फेरीला एक-सव्वा दिवसाने पुढे जाते, जरा लवकर सगळ्या पातळ्या दाखवतो.

भरतीही वर्षभर सारखी नसते. पावसाळ्यात पुनवेची दुपारची भरती मोठी असते, म्हणून महापालिका जून ते सप्टेंबर साडेचार मीटरच्या वरच्या भरत्यांच्या तारखा आधीच जाहीर करते. हिवाळ्यात उलट, मध्यरात्रीची मोठी आणि दुपारची लहान. म्हणजे डिसेंबरची पौर्णिमा आणि जूनची पौर्णिमा उपग्रहाला सारखी दिसत नाही. जूनमध्ये ढगांमुळे काही दिसतच नाही हा भाग वेगळा. तेव्हा तुलना करायची तर तोच महिना आणि तीच तिथी, किंवा अजून चांगलं म्हणजे भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून सव्वाअकराची पातळी काढायची आणि ती दोन्ही दिवशी वीस-तीस सेंटीमीटरच्या आत जुळते का बघायचं.

मग उधाणाची पूर्ण ओहोटी बघायचीच नाही का? बघायची, पण रडारने. सेंटिनेल-१ हा रडारवाला उपग्रह मुद्दाम पहाटे आणि संध्याकाळी सहाच्या स्थानिक वेळेला फिरवलाय, त्याच्या सौर पॅनलना सतत ऊन मिळावं म्हणून, आपल्या भरतीशी त्याचा काही संबंध नाही. पण मुंबईच्या नशिबाने उधाणाची ओहोटी नेमकी त्याच वेळेच्या आसपास येते. शिवाय रडारला ढग आडवे येत नाहीत, रात्र आडवी येत नाही, भर जुलैतही खाडी दिसते. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेलेला निसारही असाच सकाळ-संध्याकाळ सहाच्या कक्षेत आहे, नासाचं एल बँड रडार आणि इस्रोचं एस बँड रडार एकाच उपग्रहावर (एल आणि एस ही लहरींच्या लांबीची नावं, एलच्या लहरी जास्त लांब). मला त्याच्याकडून या खाडीसाठी फार अपेक्षा आहेत, कारण लांब लहरींचं रडार कांदळवनाच्या पानांच्या आत जातं.

पण रडारची इमेज वाचायला सवय लागते. तिथे काळं म्हणजे पाणी आणि पांढरं म्हणजे जमीन एवढं सोपं नाही. ओला गुळगुळीत चिखल रडारची लहर आरशासारखी दुसरीकडे फेकून देतो म्हणून तो काळा दिसतो, आणि वाऱ्याने खवळलेलं पाणी मात्र उजळ दिसतं, म्हणजे कधी कधी चिखल पाण्याहून जास्त पाण्यासारखा! एकाच तारखेवर विसंबू नका, चार-पाच तारखांची सरासरी घ्या. कांदळवन भरगच्च उजळ दिसतं, पूल आणि जहाजं तर झगझगीत. अटल सेतू रडारमध्ये काही ठिकाणी दुहेरी-तिहेरी रेघांसारखा दिसतो, कारण लहर पुलावर आणि खालच्या पाण्यावर आपटत आपटत उशिरा परत येते, तिथे दोन पूल नाहीत.

साध्या इमेजमधून पाण्याची हद्द काढतानाही एक चूक फार लोक करतात. पुस्तकात लिहिलेलं असतं की पाणी इन्फ्रारेडमध्ये काळं दिसतं, म्हणून हिरवा बँड, म्हणजे फक्त हिरव्या प्रकाशातलं चित्र, आणि जवळचा इन्फ्रारेड घेऊन पाण्याचा निर्देशांक काढा. हे नितळ तलावाला ठीक आहे. आपल्या खाडीतल्या पाण्यात इतका गाळ असतो की ते जवळच्या इन्फ्रारेडमध्येही चांगलंच चमकतं, आणि मग सॉफ्टवेअर गढूळ पाण्याला चिखल समजतं, म्हणजे खाडी अजून अरुंद! मी अशा जागी त्याहून लांब लहरीचा, शॉर्टवेव्ह म्हणतात तो इन्फ्रारेड वापरतो, सेंटिनेल-२ चा अकरावा बँड. त्याचा पिक्सेल दहाऐवजी वीस मीटरचा आहे, बारकावा थोडा जातो, पण त्या बँडमध्ये गढूळ पाणीसुद्धा काळंच राहतं.

आता खरा बदल कुठला ते सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्हाला वाटेल सगळं भरतीवर ढकलतोय. तसं अजिबात नाही. कांदळवनाची बाहेरची कड हा माझ्या मते सगळ्यात विश्वासू साक्षीदार आहे, कारण झाडं भरतीबरोबर आत-बाहेर करत नाहीत. फॉल्स कलरमध्ये, म्हणजे इन्फ्रारेड लाल करून बघितलं की कांदळवन गडद लालसर किरमिजी दिसतं, आणि नव्वदच्या दशकातल्या लँडसॅटपासून आजच्या सेंटिनेलपर्यंत बघत आलात तर ठाणे खाडीच्या वरच्या भागात ती कड चिखलावर पुढे पुढे येताना स्वच्छ दिसते. आधी गाळ साठतो, मग त्यावर रोपं धरतात, मग ती अजून गाळ अडवतात. फक्त एक काळजी घ्या, भरतीत झाडांची बुडं पाण्यात असतात त्यामुळे कडेचा एखादा पिक्सेल मंद होतो, म्हणून इथेही तिथी सारखीच घ्यावी. मेव्हण्यांना सांगा, पाण्याची रुंदी मोजू नका, दोन्ही काठांच्या कांदळवनाच्या कडांमधलं अंतर मोजा. तो आकडा निघाला की मी तो गंभीरपणे घेईन, आणि कदाचित तो तीनशेच्या जवळ नसला तरी काळजी करण्याइतका नक्की असेल. ही खाडी २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली, २०२२ मध्ये रामसर या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेली, तिथला उघडा चिखल हेच त्या पक्ष्यांचं ताट आहे. चिखलाचं कांदळवन होणं ही झाडांच्या दृष्टीने वाढ, फ्लेमिंगोच्या दृष्टीने घट, त्यामुळे नुसतं हिरवं वाढलं म्हणून आनंद मानायचा की नाही हे मला इतक्या वर्षांनीही एका वाक्यात सांगता येत नाही.

माणसाने केलेले बदल ओळखायला मात्र तिथीची गरज नाही, ते सरळ रेषेत आणि काटकोनात असतात. १९७० मध्ये नवी मुंबई वसवणारी सिडको आली आणि दोन वर्षांनी पहिला लँडसॅट, त्यामुळे नवी मुंबईचा जवळजवळ जन्मापासूनचा अल्बम आहे आपल्याकडे. न्हावा-शेवा बंदर १९८९ चं, त्याची सरळ धार लगेच कळते. उलव्याची टेकडी कापून आणि नदी वळवून केलेलं विमानतळ वर्ष-वर्ष लावून बघा, हिरवा ठिपका आधी तपकिरी होतो, मग करडा. पश्चिमेला कोस्टल रोडचा भराव प्रियदर्शिनी पार्क ते वरळी असा किनाऱ्याला लावलेल्या नव्या काठासारखा दिसतो. आणि हे सगळं ज्याच्यावर उभं आहे ती सात बेटं आता कुठल्याच बँडमध्ये वेगळी दिसत नाहीत, अठराव्या शतकात वरळीची खिंड हॉर्नबी वेलार्ड नावाच्या बांधाने बंद केली तिथूनच ती सांधायला सुरुवात झाली. फक्त माहीमच्या उपसागरात मिठी नदी जिथे उतरते तिथली कांदळवनाची किरमिजी चिरी बघितली की अंदाज येतो इथून पाणी किती आत जात असेल. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच वेळी भरती होती, ते पाणी याच चिरीतून बाहेर पडायचा प्रयत्न करत होतं.

आता पाण्याचा रंग. नितळ पाणी लाल रंग पहिल्या काही मीटरांतच गिळून टाकतं आणि निळा परत पाठवतो तो दिसतो. गाळाचे कण लाल-पिवळा प्रकाशही परत फेकतात, म्हणून तपकिरी. पूर्वेला बंदर आणि खाडी उथळ, तळाला मऊ चिखल, आणि साडेतीन-चार मीटरची भरती-ओहोटी त्या अरुंद जागेतून दिवसातून चार वेळा येते-जाते, चिखल ढवळलेलाच राहतो. पश्चिमेला उघडा समुद्र आहे, तिथे किनाऱ्याला लागून मातकट हिरवा पट्टा असतो आणि निळं पाणी बघायला बरंच बाहेर जावं लागतं. म्हणजे बंदराचं तपकिरी पाणी हे सगळंच सांडपाणी नव्हे. सांडपाणी आहेच, खूप आहे, पण त्याचा पुरावा साध्या रंगीत फोटोत शोधू नका, पाण्याचे नमुने घ्या. इथेही तिथी येतेच, उधाणात प्रवाह जोरात म्हणून पाणी जास्त गढूळ, भांगात गाळ खाली बसतो आणि तेच बंदर जरा हिरवं दिसतं. एकाने अष्टमीचा हिरवा आणि पुनवेचा तपकिरी फोटो लावून आठ दिवसांत प्रदूषण वाढलं असं म्हटलेलं मी बघितलंय.

अंतराळवीरांच्या फोटोंची किंमत मला याच कारणाने जास्त वाटते. स्थानक सुमारे ४०० किलोमीटर वर, सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगाने, म्हणजे कुलाबा ते दहिसर पाच-सहा सेकंदांत ओलांडतं. पण ते सूर्याशी वेळ जुळवून फिरत नाही, कधी पहाटे येतं, कधी दुपारी चारला, कधी मध्यरात्री. म्हणून उधाणाची ओहोटी साध्या रंगात, डोळ्यांना दिसते तशी, तिथूनच मिळू शकते. फोटो तिरका असतो, मोजमापाला त्रास होतो, तरी मी असे फोटो साठवून ठेवतो. रात्रीचे तर वेगळंच काही सांगतात, उत्तरेकडे शंभर चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान अंधाराच्या डोहासारखं, पूर्वेला खाडीची काळी पट्टी, मरीन ड्राइव्हचा वाक. जुना सोडियमचा पिवळा उजेड जाऊन एलईडीचा पांढरा कसा पसरला तेही कळतं. रात्रीच्या हवामान उपग्रहांच्या इमेजमध्ये पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रातच दिवे दिसतात, ते बॉम्बे हायच्या तेलविहिरींवर जळणाऱ्या वायूचे, पहिल्यांदा बघणाऱ्याला ते बेट वाटतं.

स्वतः बघायचं तर कोपर्निकस ब्राउझर ही सेंटिनेलच्या इमेज दाखवणारी वेबसाइट उघडा, फुकट आहे, नुसतं बघायला खातंही लागत नाही. मुंबईवर या, सेंटिनेल-२ एल२ए (हवेचा परिणाम काढून टाकलेल्या इमेज) निवडा, ढगांची मर्यादा वीस टक्क्यांवर आणा. माझ्या मते सगळ्यात सुंदर इमेज पाऊस परतल्यावर लगेचच्या, ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यातल्या, हवा धुतलेली असते आणि डोंगर अजून हिरवे. डिसेंबर-जानेवारीत आकाश निरभ्र वाटतं पण खालच्या थरात धूळ-धूर अडकलेला असतो, सगळ्यावर दुधाळ पडदा येतो. एप्रिल-मेमध्ये सूर्य जवळजवळ डोक्यावर, समुद्र चमकतो आणि रंगाचं काम बिघडतं, पण त्याच चमकीत जहाजांच्या मागच्या रेघा आणि तेलाचे तवंग फार छान उठून दिसतात. जुनं बघायचं तर अमेरिकेच्या अर्थएक्सप्लोररवर लँडसॅट, मुंबईचा पाथ (उपग्रहाच्या पट्ट्याचा क्रमांक) १४८, रो (आडव्या ओळीचा) ४७, २००८ पासून सगळं फुकट. आपल्या इस्रोचं भुवनही बघा.

बंदरात नांगरलेली जहाजं शोधा, दोनशे मीटरचं जहाज म्हणजे वीस पिक्सेल, पांढऱ्या तांदळाच्या दाण्यांसारखी आणि बहुतेक सगळी एकाच दिशेला तोंड करून. नांगर पुढे असतो, त्यामुळे नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, प्रवाहाकडे वळते. भरती चढत असेल तर नाळ समुद्राकडे, ओहोटी लागली असेल तर खाडीकडे. दहा मीटरच्या पिक्सेलमध्ये नाळ कुठली आणि मागचं टोक कुठलं हे ओळखणं कठीण, पण मालवाहू जहाजाची केबिन बहुधा मागे असते आणि तो भाग जास्त पांढरा दिसतो. तिथी काढा, पाऊणपट करा, जहाजांची तोंडं जुळतात का बघा, मुलांना हे फार आवडतं. सांताक्रूझकडे उतरणारं विमान सापडलं तर ते निळं, हिरवं, लाल असं तीनदा दिसेल, कारण रंगांचे बँड एकाच क्षणी टिपले जात नाहीत, मधल्या सेकंदभरात विमान पुढे गेलेलं असतं.

मेव्हण्यांकडून त्या दोन इमेजच्या नेमक्या तारखा आणि उपग्रहाचं नाव मागून घ्या. कालनिर्णय काढून तिथी लिहा, सव्वाअकराची पातळी तक्त्यावरून काढा. फरक अर्ध्या मीटरच्या वर निघाला तर त्यांची दुसरी इमेज बदला, त्याच वर्षातली जुळत्या तिथीची घ्या, पाच-पाच दिवस मागे-पुढे जाऊन शोधा, तिन्ही पातळ्यांत जुळणारी नसेल किंवा ढग असतील तर चक्र सरकेपर्यंत अजून पुढे-मागे बघा. मग कांदळवनाची कड दोन्हीकडे आखा आणि ऐरोलीच्या पुलापासून दक्षिणेकडे दर पाचशे मीटरवर आडवी रेघ मारून अंतर मोजा. आठ-दहा रेघा पुरतात.